२१ जून २००६ : संगणक कक्षाच्या दुरुस्तीच्या नोंदी

सोमवार, १९ मे २०२५

सकाळी साडेदहाला शाळेतून मामांचा फोन. "बाई, ऑफिसातल्या काँप्युटरवर निळो पडदो इलो हा, तो जाणाच नाय."

शाळेला सुट्टी आहे, पण दहावीचा निकाल १३ तारखेला लागलाय आणि यंदा पहिल्यांदाच सगळ्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होणार आहेत. कणकवली तालुक्यातल्या आमच्या वाडीवस्तीतल्या बऱ्याच घरांत मोबाइल आहे, संगणक नाही. कागदपत्रं चढवायची, पसंतीक्रम भरायचे, एवढं सगळं त्या लहानशा पडद्यावर करायला पालक घाबरतात. म्हणून 'अर्ज शाळेत येऊन भरा' असं मुख्याध्यापक सरांनी आणि मी निकालाच्या दिवशीच सांगून ठेवलंय. मुलं महिनाअखेरीस येतील. तोवर कक्ष उभा राहायलाच हवा, म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवते आहे. पुढे माझ्या जागी कोणी आलं तर त्यांनाही हे लागेल.

आपल्याकडे दहा संगणक आहेत. मुंबईतल्या माजी विद्यार्थ्यांनी दोन वर्षांपूर्वी गणपतीला गावी येताना टेम्पोतून आणून दिलेले. बाहेरून दहाही सारखेच, काळ्या कॅबिनेटचे. आतले मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडतात ती मुख्य पाटी) मात्र दोन प्रकारचे आहेत: १ ते ४ एका जातीचे, ५ ते १० दुसऱ्या. सगळ्यांवर विंडोज १०. क्रमांक १ ऑफिसात असतो. जनरल रजिस्टरच्या नोंदी त्याच्यावर आहेत आणि शाळा सोडल्याचे दाखले तिथूनच छापतात. बाकीचे नऊ कक्षात.

काय झालं ते लिपिक भाऊंनी काही न लपवता सांगितलं, त्यामुळे माझा निम्मा दिवस वाचला. शनिवारी दुपारी प्रिंटर छापेना. त्यांनी प्रिंटरचा ड्रायव्हर (विंडोज आणि उपकरण यांच्यातला दुभाषा प्रोग्राम) शोधला, तर सगळ्यात वर एक फुकट सॉफ्टवेअर दिसलं, 'तुमचे सगळे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करतो' म्हणणारं. ते चालवल्यावर लाल अक्षरांत आलं: २७ ड्रायव्हर कालबाह्य, संगणक धोक्यात. भाऊंनी 'सगळे अद्ययावत करा' दाबलं. मग मुलांसाठी कक्षातलेही नीट करून ठेवावेत म्हणून तेच सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन क्रमांक २ ते ६ वर चालवलं. सव्वापाचला वीज गेली. ऑफिसातल्या संगणकाला इन्व्हर्टर आहे, कक्षाला नाही. भाऊ कुलूप लावून घरी गेले. प्रिंटर तेव्हाही छापत नव्हताच.

आज क्रमांक १ वर निळा पडदा. खाली संदेश: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे विंडोज उठायला लागतं, पण ज्या डिस्कवर ते स्वतः आहे तीच त्याला सापडत नाही. काल-परवापर्यंत चालणारी डिस्क एकाएकी मेली असं मला वाटत नाही. डिस्कशी बोलणारा दुभाषाच बदलला गेलाय.

२, ३, ४ सुरू होतात, पण नेटवर्क नाही. ५ वर लोगो दिसतो आणि मग काळोख. ६ ला फक्त आवाज नाही. ७ ते १० ठणठणीत, कारण तिथवर भाऊ पोहोचलेच नाहीत. आज कशालाही हात लावला नाही. घाईत चार बटणं दाबली की मूळ बिघाड कोणता आणि मी केलेला कोणता हे कळत नाही.

मंगळवार, २० मे

सकाळपासून पाऊस. मे महिन्यात असा पाऊस मला तरी आठवत नाही. वीज दोनदा गेली आणि आली.

पहिलं काम माहिती वाचवणं. दाखले अडले तर मुलांचे प्रवेश अडतील. क्रमांक १ दोनदा उठता उठता कोसळला की तिसऱ्या वेळी दुरुस्तीचा निळा मेनू आपोआप येतो. त्यातून कमांड प्रॉम्प्टपर्यंत गेले. तिथे फोल्डर दिसत नाहीत, फक्त काळी चौकट. पण त्या चौकटीत 'नोटपॅड' टाईप केलं की नोटपॅड उघडतं आणि त्याच्या 'ओपन' खिडकीतून सगळी डिस्क दिसते. फाइलींच्या प्रकारात 'ऑल फाइल्स' निवडायचं. तिथूनच उजव्या क्लिकने कॉपी करता येतं. जनरल रजिस्टरचं फोल्डर, दाखल्यांचे नमुने आणि पाच वर्षांच्या निकालपत्रकांच्या एक्सेल फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, आणि तो पेन ड्राइव्ह क्रमांक ७ वर लावून एकेक फाइल उघडून पाहिली. सगळ्या उघडतात. आता पुढचे प्रयोग करताना हात थरथरणार नाहीत.

मग सोपे उपाय. 'स्टार्टअप रिपेअर' म्हणालं, दुरुस्त करता येत नाही. सिस्टम रिस्टोअरमध्ये एकही रिस्टोअर पॉइंट (परत जाता येईल अशी साठवलेली जुनी स्थिती) नाही, कारण ते संरक्षण मुळातच बंद होतं. पुष्कळ विंडोज १० यंत्रांवर ते बंदच असतं. दोन वर्षांत मीही कधी पाहिलं नाही. सेफ मोडमध्येही, म्हणजे अगदी मोजक्या ड्रायव्हरवर उठवूनही, निळा पडदाच.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ मांडणीत, जाऊन पाहिलं. डिस्क दिसते, तिच्याशी बोलायची पद्धतही पूर्वीसारखी 'एएचसीआय'च आहे. म्हणजे यंत्र शाबूत, बिघाड विंडोजच्या आत.

दुपारी मुख्याध्यापक सर येऊन बसले. विचारत होते, एवढ्याशा फाइलीने अख्खा संगणक कसा बसतो? त्यांना सांगितलं ते इथेही लिहिते. वर्ड किंवा ब्राउझर बिघडला तर तेवढीच खिडकी बंद पडते. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो आणि तिथे चूक झाली की बाकी यंत्राला सावरायला जागाच उरत नाही. मग विंडोज स्वतःहून थांबतं, माहितीची नासाडी होऊ नये म्हणून. निळा पडदा म्हणजे ते थांबणं. सरांना गेल्या वर्षीची १९ जुलैची आठवण करून दिली. एका सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल जगभर गेली, त्याच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरने ती वाचली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले होते. सरांनी पेपरातला तो फोटो पाहिला होता. मग म्हणाले, "मग भाऊंवर रागावून उपयोग नाही." मला तेच हवं होतं.

बुधवार, २१ मे

आजचा दिवस वाचण्यात गेला आणि सगळ्यात जास्त कामाचा तोच ठरला.

विंडोजच्या फोल्डरात 'आयएनएफ' नावाचं फोल्डर असतं. त्यात 'सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग' ही साधी मजकुराची फाइल असते. कुठल्या क्षणी कुठल्या उपकरणावर कुठला ड्रायव्हर बसला, हे विंडोज तिच्यात क्रमाने लिहून ठेवतं. मला हे पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं. "बाई, आधी ती वही वाचा, मग औषध द्या," असं म्हणाला. क्रमांक १ वरून ती फाइल कालच्याच नोटपॅडच्या युक्तीने काढली, २ ते ४ आणि ६ वरून सरळ.

शनिवारची सगळी दुपार तिथे आहे. क्रमांक १ वर ३ वाजून ४२ मिनिटांनी सुरुवात. आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपा), मग नेटवर्क, मग आवाज, शेवटी डिस्कचा कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप). तो बसल्यावर 'पुन्हा सुरू करणं आवश्यक' अशी ओळ. शनिवारी पुन्हा सुरू केलंच नाही, नुसतं बंद केलं, म्हणून निळा पडदा सोमवारी आला. क्रमांक २, ३, ४ वरही तोच क्रम चालू होता. नेटवर्क झालं, आवाज झाला आणि सव्वापाचला नोंद तुटली. डिस्कची पाळी यायच्या आधी वीज गेली.

मग २७ हा आकडा कुठून आला ते शोधलं. क्रमांक ७ तसाच आहे, म्हणून त्याच्यावर डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी) उघडून एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरची तारीख वहीत लिहिली. बऱ्याच ठिकाणी तारीख एकच: २१ जून २००६. कीबोर्ड, माउस, डिस्क, यूएसबी हब, सगळे २००६ चे. आणि काही चिपसेटच्या नोंदींवर तर १८ जुलै १९६८. तेव्हा यूएसबीच काय, मायक्रोप्रोसेसरही नव्हता.

या तारखा चुकीच्या नाहीत, मुद्दाम घातलेल्या आहेत. एकाच उपकरणाला सारखेच जुळणारे दोन ड्रायव्हर समोर आले तर विंडोज आधी तारीख पाहतं, तारखाही सारख्या असल्या तरच आवृत्तीचा आकडा. विंडोजबरोबर येणारे ड्रायव्हर मायक्रोसॉफ्ट दरवेळी नवे बनवतं, पण त्यांच्यावर तारीख २१ जून २००६ हीच टाकतं. म्हणजे उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा खास ड्रायव्हर आला तर त्याची तारीख पुढची ठरते आणि घरचा ड्रायव्हर आपोआप बाजूला होतो. इंटेलने आपल्या चिपसेटच्या फाइलींवर १८ जुलै १९६८ घातली, हा त्या कंपनीच्या स्थापनेचा दिवस. हेतू तोच, की ही फाइल कुणाच्याही आड येऊ नये.

आता त्या सॉफ्टवेअरच्या नजरेने पाहा. त्याला २००६ दिसलं, १९६८ दिसलं, आणि त्याने लाल रंगात लिहिलं 'कालबाह्य'. जे ड्रायव्हर पाहुण्याला जागा द्यायला मुद्दाम मागे उभे केलेत, त्यांनाच त्याने म्हातारे ठरवून बाहेर काढलं. भाऊंनी लाल रंगावर विश्वास ठेवला. कोणीही ठेवला असता. पण जो चालू आहे त्या ड्रायव्हरची तारीख बघून त्याला रोगी ठरवणं, हा या सगळ्या घोळाचा उगम आहे, आणि मला हे कक्षाच्या भिंतीवर लिहून लावायचं आहे.

रात्री विद्यार्थ्याला विचारलं, "अरे, या ड्रायव्हरवर तर कंपनीच्या डिजिटल सह्या असतात ना? ६४-बिटच्या विंडोजवर सही नसलेला चालतच नाही." म्हणाला, "बाई, सही खरीच आहे. तो ड्रायव्हर खऱ्या कंपनीचा आहे, फक्त आपल्या बोर्डासाठी नाही." हे ऐकून मी बराच वेळ गप्प होते. मी तर सहीवरच भरवसा ठेवून बसले होते.

गुरुवार, २२ मे

क्रमांक १ उठला! दुपारी २ वाजून १० मिनिटांनी.

जसं केलं तसं लिहिते. दुरुस्तीच्या मेनूतून कमांड प्रॉम्प्ट. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, नेहमीचा 'सी' तिथे 'डी' झाला होता. म्हणून आधी 'डिस्कपार्ट'मध्ये जाऊन 'लिस्ट व्हॉल्यूम' केलं आणि विंडोज कुठे आहे ते पाहून घेतलं. मग 'डीआयएसएम' या हत्याराला त्या ड्राइव्हवरचे बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर दाखवायला सांगितलं. यादी येते, प्रत्येकाला 'ओईएम' आणि एक क्रमांक. पुढे मूळ नाव, वर्ग, कंपनी, तारीख. डिस्कच्या वर्गात एकच होता, ओईएम २३, आणि लॉगमध्ये शनिवारी शेवटी बसलेलं नाव तेच. दोन्ही नावं एकमेकांशेजारी लिहून, अक्षर न् अक्षर जुळवून मगच काढायची आज्ञा दिली. इथे चुकीचा क्रमांक काढला तर विंडोज कायमचं झोपू शकतं. डिस्कच्या ड्रायव्हरवरच उठणं अवलंबून असतं, म्हणून हे सावध राहणं.

काढल्यावर लगेच नेहमीसारखं सुरू केलं नाही. आधी सेफ मोडमध्ये उठायला सांगितलं. सेफ मोडमध्ये विंडोज घरचेच मूळ ड्रायव्हर घेऊन उभं राहतं आणि डिस्कला पुन्हा ओळख देतं. काळा पडदा, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड', मधे आमच्या शाळेच्या प्रवेशद्वाराचं चित्र नाही, पण चिन्हं सगळी जागच्या जागी. मग सेफ मोडची खूण काढून पुन्हा सुरू. आलं.

भाऊंनी सगळ्यांत आधी जनरल रजिस्टर उघडलं आणि शेवटची ओळ पाहिली. मग चहा सांगितला.

डिस्कच्या कंट्रोलरवर आता कुठला ड्रायव्हर आहे ते पाहिलं. तारीख २१ जून २००६.

शुक्रवार, २३ मे

आज २, ३, ४ ची नेटवर्क. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिघांवरही पिवळं त्रिकोणी चिन्ह आणि कोड १०, म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड २८ असता तर ड्रायव्हरच नाही असा अर्थ झाला असता. इथे ड्रायव्हर आहे, चुकीचा आहे.

३ वर 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण चालू होतं. दाबलं, दोन मिनिटांत काम झालं. २ आणि ४ वर ते बटण पुसट. त्या सॉफ्टवेअरने तिथे आधीचा ड्रायव्हर काढून टाकून मग नवा घातला होता, परत जायला मागे काही शिल्लकच नाही. तेव्हा नवाच शोधणं भाग. नेटवर्क नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेटवर्क नाही. यावर सोपा मार्ग म्हणजे मोबाइल यूएसबी केबलने लावून त्याचं इंटरनेट द्यायचं, त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजकडे असतोच. माझ्या फोनवर दोन दांड्या रेंज होती, पुरली.

कुठला ड्रायव्हर हवा हे कॅबिनेटवरच्या स्टिकरवरून ठरवायचं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडी' असतो. त्यातला पहिला आकडा चिप बनवणाऱ्याचा. ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी, १०डीई असेल तर एनव्हिडिया. त्यापुढे चिपचा आकडा, त्यापुढे 'सबसिस', म्हणजे ती चिप कुणाच्या बोर्डावर बसवली आहे. त्या सॉफ्टवेअरने पहिला आकडा जुळवला, दुसरा जवळपासचा घेतला आणि तिसऱ्याकडे पाहिलंच नाही. आपल्या गावात एकाच आडनावाची चाळीस घरं आहेत. नुसत्या आडनावावर पत्र टाकलं तर ते चुकीच्या घरी जाणारच.

मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या पानावरून आयडी जुळवून ड्रायव्हर घेतला, २ आणि ४ वर घातला. साडेबाराला तिन्ही यंत्रांवर नेटवर्क. जेवायला गेले.

पावणेदोनला परत आले तर २ चं नेटवर्क पुन्हा गेलेलं. कोड १०. ३ वर खाली कोपऱ्यात एक लहान खिडकी हलत होती: 'तुमचा संगणक अद्ययावत होत आहे, ४ पैकी ३.'

ते सॉफ्टवेअर अजून आत होतं. शनिवारी वीज गेल्यावर अर्धं राहिलेलं काम त्याने लक्षात ठेवलं होतं आणि इंटरनेटची वाट पाहत होतं. आम्हीच त्याला इंटरनेट आणून दिलं. चौथं काय असणार हे लॉगवरून मला माहीत होतं: डिस्क. नेटवर्कची तार उपटली, टास्क मॅनेजरमधून त्याची प्रक्रिया बंद केली. अनइन्स्टॉल केल्यावरही टास्क शेड्युलरमध्ये त्याची दोन कामं सापडली, एक दर लॉग-इनला आणि एक रोज दुपारी १ वाजता. ती पुसली. सर्व्हिसेसमध्ये एक सेवा, तीही. हे सहाही यंत्रांवर केलं. क्रमांक १ वर काल मी हे केलं नव्हतं याची आठवण झाली आणि पळतच ऑफिसात गेले. तिथली नेटवर्कची तार मी डिस्कच्या दुरुस्तीवेळी काढली होती आणि पुन्हा लावायची राहून गेली होती. म्हणूनच ते यंत्र पुन्हा बसलं नाही.

संध्याकाळी २ पुन्हा नीट. आजची चूक माझी: आधी रोगाचं मूळ काढायचं, मग इंटरनेट. क्रम उलटा झाला.

शनिवार, २४ मे

क्रमांक ५, काळोख. सेफ मोडमध्ये चित्र येतं. म्हणजे मॉनिटर, तार, कार्ड बरोबर. या यंत्रात जुनं ग्राफिक्स कार्ड आहे आणि त्याच्यावर नव्या पिढीच्या कार्डांचा ड्रायव्हर बसवला गेलाय.

सेफ मोडमध्ये उपकरण अनइन्स्टॉल केलं, पुन्हा सुरू केलं. काळोख. पुन्हा तसंच. पुन्हा काळोख. तीन तास असे गेले. शेवटी दिसलं की अनइन्स्टॉल करताना खाली एक लहान चौकोन असतो, 'या उपकरणाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसा'. त्यात खूण केली नाही तर फक्त नोंद जाते. ड्रायव्हरचं अख्खं बोचकं 'ड्रायव्हर स्टोअर' नावाच्या कोठीत राहतं, आणि पुढच्या वेळी विंडोज कोठीत हात घालून तेच काढतं, कारण तारखेने तेच सगळ्यांत नवं. चौकोनात खूण केली. मग 'पीएनपीयूटिल' या विंडोजच्याच हत्याराने कोठीतली यादी काढून ते खरंच गेल्याची खात्री केली.

पुन्हा सुरू केलं, पडदा उजळला. चिन्हं मोठी, रेझोल्यूशन कमी, पण स्वच्छ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव: मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर. तारीख तीच, २१ जून २००६. लाल यादीतल्या त्याच म्हाताऱ्याने आज यंत्राला पुन्हा डोळे दिले. कार्डाचा त्याच्या पिढीचा खरा ड्रायव्हर नंतर घातला.

६ चा आवाज राहिलाय. अर्ज भरायला आवाज लागत नाही. बाजूला ठेवते.

केरळात आज पाऊस पोहोचल्याचं रेडिओवर सांगितलं. आपल्याकडे तर आठवडाभर तोच आहे.

रविवार, २५ मे

मान्सून देवगडपर्यंत आला म्हणे. दिवसभर वीज नाही. घरी बसून वहीत यादी केली, उद्या करायची.

सोमवार, २६ मे

सकाळी आल्या आल्या मूळ प्रश्न: प्रिंटर. एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं तो अजूनही छापत नाही. क्रमांक १ वर प्रिंटरची यादी उघडली. प्रिंटर दोन दिसले. एक पूर्वीचा, 'ऑफलाइन'. दुसरा त्याच नावाचा, पुढे कंसात 'कॉपी १', तयार.

भाऊंना विचारलं, १७ तारखेच्या शनिवारी प्रिंटर हलवला होता का? झाडताना मामांनी टेबल पुढे ओढलं होतं, तार निघाली होती, भाऊंनी ती परत लावली. पूर्वी मागच्या पोर्टला होती, आता पुढच्या. यूएसबी प्रिंटर दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोज त्याला कधी कधी दुसराच प्रिंटर समजून नवी नोंद करतं, आणि छपाई जुन्या नोंदीकडेच जात राहते. तार काढून मागच्या पोर्टला लावली. त्या शनिवारपासून रांगेत अडकलेले चार दाखले एकामागून एक बाहेर आले.

भाऊ त्या कागदांकडे पाहत उभे राहिले. काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग कालच्या यादीतली कामं.

दहाही यंत्रांवर सिस्टम रिस्टोअर चालू केलं आणि आजचा एकेक पॉइंट घेतला.

'पीएनपीयूटिल'च्या निर्यातीच्या आज्ञेने प्रत्येक यंत्रावरचे आजचे चालू ड्रायव्हर वेगवेगळ्या फोल्डरात काढून एका पेन ड्राइव्हवर ठेवले. फोल्डरांना यंत्राचे क्रमांक. पुन्हा असं झालं तर इंटरनेट लागणार नाही.

प्रत्येक कॅबिनेटवर पांढरी चिठ्ठी चिकटवली: मदरबोर्डचं नाव, नेटवर्क, आवाज आणि ग्राफिक्सचा हार्डवेअर आयडी. हे दोन वर्षांपूर्वी टेम्पो रिकामा केला त्या दिवशीच करायला हवं होतं.

रोजच्या वापराला साधं खातं केलं. प्रशासकाचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड सरांकडे आणि माझ्याकडे. असं आधीच असतं तर त्या सॉफ्टवेअरला कर्नलपर्यंत जाता आलं नसतं, भाऊंनी कितीही बटणं दाबली तरी. भाऊंना हे सांगताना जरा अवघड वाटलं, त्यांच्यावर अविश्वास दाखवतोय असं वाटू नये म्हणून. तेच म्हणाले, "बाई, बरंच झालं. माझ्यावरचं ओझं गेलं."

विंडोज अपडेटमधून येणारे ड्रायव्हर बंद करावेत का, यावर विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलले. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून तेवढेच वगळता येतात, सुरक्षेचे अपडेट चालू ठेवून. त्याचं मत बंद करावेत. मी तूर्त बंद केले नाहीत, कारण आपला त्रास तिथून आलेला नाही. जे बिघडलं नाही तिथे हात घालायची माझी तयारी आत्ता नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय, तेव्हा एवीतेवी सगळं नव्याने ठरवावं लागणार आहे. या जुन्या यंत्रांवर पुढे काय घालायचं, तो वेगळा प्रकल्प.

गुरुवार, २९ मे

आज अकरा मुलं आली. सकाळी नऊपासून कक्ष भरलेला, बाहेर व्हरांड्यात पालक आणि छत्र्या. वीज एकदाच गेली, वीस मिनिटं.

क्रमांक २ वर बसलेली मुलगी अर्ज भरून होईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. तिला कणकवलीला विज्ञान शाखा हवी आहे. भरून झाल्यावर तिच्या आईने विचारलं, "झाला काय गो?" आणि तिने पडदा आईकडे वळवून दाखवला.

भाऊ क्रमांक १ वर दाखले छापत होते. मधे एका पालकांनी त्यांना विचारलं, घरचा लॅपटॉप हळू चालतो, ड्रायव्हर अपडेट करू का? भाऊंनी हातातलं काम थांबवून त्यांना सांगितलं, आधी काय चालत नाही ते सांगा.

गुरुवार, १२ जून

६ चा आवाज आला. त्याच्या हार्डवेअर आयडीवरून मूळ ड्रायव्हर मिळत नव्हता. क्रमांक ८ चा बोर्ड तोच, आयडी तिन्ही आकड्यांपर्यंत जुळला, म्हणून पेन ड्राइव्हवरच्या ८ च्या फोल्डरातून घातला. पाच मिनिटांचं काम.

पेन ड्राइव्ह लोखंडी कपाटात वरच्या खणात, निळ्या डबीत आहे. दुसरी प्रत सरांच्या घरी. कपाटाची किल्ली भाऊंकडे.